जुन्या डेटाबेसवर डेटा अ‍ॅक्सेस लेयर जनरेट करताना: काय जनरेट करायचं, काय हाताने लिहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थांसाठी तुमच्या कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याचा मायएसक्यूएल डेटाबेस आहे, त्यात दोनशेच्या आसपास टेबलं आहेत आणि आता हे सगळं जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये नव्याने लिहायचं आहे. टीम चार जणांची. मॅनेजर म्हणतात, जनरेटर चालवा, दोन दिवसांत डेटा अ‍ॅक्सेस लेयर (डेटाबेसशी बोलणारा कोडचा थर) हातात येईल. तुम्ही मायबॅटिस जनरेटर (टेबलं वाचून जावा कोड तयार करणारं टूल) चालवला, प्रत्येक टेबलामागे चार-चार फायली आल्या, त्यातल्या काहींमध्ये तुम्ही गरजेचे बदल केले, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर ते बदल पुसले गेले. आता जनरेटर ठेवावा, सगळं हाताने लिहावं, की एआयकडून लिहून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

जनरेटर ठेवा. दोनशे टेबलांचे कॉलम हाताने टाइप करण्यात काहीच शहाणपण नाही. पण दोन दिवसांत जे हातात येतं ती डेटा अ‍ॅक्सेस लेयर नसते. ती तुमच्या टेबलांची जावामध्ये उतरवलेली नक्कल असते. लेयर त्यावर लिहायची असते, आणि ती तुम्हालाच लिहावी लागते. मॅनेजरशी बोलताना हा फरक आधीच स्पष्ट करा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ‘लेयर तर झाली ना?’ असा प्रश्न येईल.

टूल कुठलं हा प्रश्न मी मागे ठेवतो. तुमची खरी अडचण अशी आहे की एकाच फाइलवर जनरेटरही लिहितोय आणि तुम्हीही लिहिताय. अशा फाइलमध्ये कधी ना कधी एकाचं काम दुसरा पुसणारच. म्हणून मी एकच कसोटी लावतो: जे स्कीमा (टेबलांची आणि कॉलमांची रचना) वाचून यंत्राला शंभर टक्के ठरवता येतं ते जनरेट करायचं आणि त्या फाइलला हात लावायचा नाही. ज्यात माणसाला काही ठरवावं लागतं ते वेगळ्या फाइलमध्ये हाताने लिहायचं. टेबलाचं नाव, कॉलमची नावं, प्रकार, प्रायमरी की, नल चालतं की नाही, हे पहिल्या गटात. कुठल्या क्वेरीला लॉक हवा, किती काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे सगळं मिळून होईल, नाहीतर काहीच नाही), कुठले कॉलम कुणी बदलायचे, हे दुसऱ्या गटात.

जनरेशन दोन तऱ्हेचं असतं. एक, एकदाच चालवायचं: रेल्सचं स्कॅफोल्ड बघा, ते सुरुवातीचा कोड देतं आणि पुढे तो तुमचाच. दुसरं, पुन्हा पुन्हा चालवायचं: स्कीमा बदलला की कोड नव्याने तयार होतो, जुना फेकून दिला जातो. दोन्ही चालतं, पण टीमने ठरवायला हवं की आपण यातलं कुठलं करतोय. तुमच्याकडे टेबलं दोनशे आहेत आणि नवं सॉफ्टवेअर तयार होईपर्यंत जुनं चालूच राहणार, म्हणजे स्कीमा मधल्या काळात बदलत राहणार. त्यामुळे तुम्हाला दुसरी तऱ्हाच घ्यावी लागेल, आणि मग जनरेट झालेली फाइल ही कंपाइल झालेल्या क्लास फाइलसारखी मानायची. तिच्यात कुणी दुरुस्ती करत नाही.

तुमचे बदल कसे पुसले गेले तेही सांगतो. मायबॅटिस जनरेटर मेव्हनमधून (जावाच्या बिल्ड टूलमधून) ओव्हरराइट चालू ठेवून चालवला की जावा फाइल सरळ नव्याने लिहितो. एक्सएमएल मॅपर, म्हणजे क्वेरी असलेली फाइल, मात्र तो जुन्यात मिसळतो, आणि कुठला घटक आपण तयार केला होता हे ओळखायला स्वतःच्या कॉमेंट बघतो. कॉमेंट नको म्हणून कुणी त्या सेटिंगमधून बंद केल्या, तर हे ओळखणंच बंद होतं आणि तेच घटक पुन्हा खाली जोडले जातात. एकच आयडी दोनदा आला म्हणून सर्व्हर उठत नसेल, तर कारण बहुधा हेच. सी शार्पमध्ये या अडचणीवर भाषेतच सोय आहे: एंटिटी फ्रेमवर्क कोअर डेटाबेसवरून क्लास काढतं ते पार्शल असतात, म्हणून आपली भर दुसऱ्या फाइलमध्ये घालता येते. जावामध्ये ती सोय नाही. तिथे वेगळा क्लास लिहायचा आणि जनरेट झालेला आतून वापरायचा. इनहेरिटन्सनेही जमतं, पण मी ते टाळतो, कारण वरच्या क्लासच्या सगळ्या मेथड खाली उघड्या पडतात.

आणि त्या मेथड उघड्या पडू नयेत याचं ठोस कारण आहे. समजा खातेदाराचा मोबाइल नंबर आणि खात्याची शिल्लक एकाच टेबलात आहे. जुन्या स्कीमात असं बऱ्याचदा असतं. एका काउंटरवर कर्मचाऱ्याने मोबाइल नंबर बदलायला स्क्रीन उघडली, तेव्हा शिल्लक 12,000 होती. तेवढ्यात दुसऱ्या काउंटरवर त्याच खात्यातून 5,000 काढले गेले. शिल्लक झाली 7,000. आता पहिला कर्मचारी सेव्ह दाबतो. जनरेटरने दिलेलं ‘अपडेटबायप्रायमरीकी’ त्या ओळीचे सगळे कॉलम लिहितं, म्हणजे नव्या मोबाइल नंबरबरोबर जुनी 12,000 ची शिल्लकही पुन्हा लिहिली जाते. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. संध्याकाळी रोजकीर्द जुळत नाही तेव्हा कळतं. ‘सिलेक्टिव्ह’ नावाची जी दुसरी मेथड येते ती फक्त नल नसलेले कॉलम लिहिते. पण स्क्रीनने सगळा ऑब्जेक्ट भरून आणला असेल तर तिचाही उपयोग नाही, आणि एखादा कॉलम मुद्दाम नल करायचा असेल तर ती ते करूच शकत नाही.

त्याहून भीतीदायक म्हणजे ‘डिलीटबायएक्झाम्पल’. दिलेल्या अटींत बसणाऱ्या ओळी ती पुसते. अटींचा ऑब्जेक्ट रिकामा राहिला, तर तयार होणाऱ्या एसक्यूएलमध्ये व्हेअर येतच नाही आणि आख्खं टेबल रिकामं होतं. अट घालणारा कोड एखाद्या इफच्या आत असेल आणि तो इफ खोटा ठरला, एवढं पुरतं. जनरेटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये या मेथड टेबलागणिक बंद करता येतात. आर्थिक व्यवहाराच्या प्रत्येक टेबलासाठी त्या बंदच करा.

म्हणून हाताने लिहायची लेयर टेबलाप्रमाणे नको, कामाप्रमाणे हवी. ‘खाते डीएओ’, ‘ठेव डीएओ’, ‘हप्ता डीएओ’ असे टेबलागणिक क्वेरींचे दोनशे क्लास (डेटा अ‍ॅक्सेस ऑब्जेक्ट, म्हणजे डीएओ) केलेत, तर सर्व्हिसमधली प्रत्येक मेथड पाच-सहा डीएओ बोलावणार आणि ट्रान्झॅक्शन कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी ‘खात्यातून रक्कम काढणं’, ‘मुदतीआधी ठेव मोडणं’, ‘कर्जाचा हप्ता जमा करणं’, ‘खात्याचा उतारा’ अशी कामं घ्या. प्रत्येक कामाला मोजक्या क्वेरी, त्या एका ठिकाणी, आणि त्याच कॉलमांपुरत्या. रक्कम काढायची क्वेरी शिल्लक वाचून, जावामध्ये वजा करून, परत लिहिणारी नको. ‘शिल्लक एवढ्याने कमी कर, पण शिल्लक निदान एवढी असेल तरच’ असं एकच अपडेट लिहा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. एक बदलली तर व्यवहार झाला, शून्य बदलल्या तर रक्कम अपुरी. हा निर्णय कुठलाही जनरेटर तुमच्यासाठी घेऊ शकत नाही, कारण तो स्कीमात लिहिलेलाच नाही.

इथे एक गोष्ट आधी तपासा: टेबलांचं स्टोरेज इंजिन, म्हणजे मायएसक्यूएल टेबलातला डेटा ज्या यंत्रणेने साठवतो ती. मायएसक्यूएलमध्ये 5.5 आवृत्तीपासून इनोडीबी हे न सांगता मिळणारं इंजिन झालं. त्याआधी मायआयसॅम होतं, आणि खूप जुन्या टेबलांवर ते अजून असतं. मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शन नाही आणि फॉरेन की (एका टेबलाचं दुसऱ्याशी नातं सांगणारा नियम) हीही नाही. म्हणजे तुमचा रोलबॅक (अर्धवट काम मागे घेणं) तिथे काहीच करणार नाही, आणि टेबलांमधली नाती जनरेटरला दिसणारही नाहीत. आधी ती टेबलं इनोडीबीवर आणा, निदान महत्त्वाच्या टेबलांना फॉरेन की लावा, मगच जनरेटर चालवा. फॉरेन की लावताना अनाथ नोंदी सापडतील, हप्ता आहे पण कर्ज नाही अशा. ते काम कंटाळवाणं आहे, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती घाण नेण्यापेक्षा आता सापडलेली बरी.

आता प्रकारांबद्दल, कारण जुन्या डेटाबेसमध्ये जनरेटरची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मायबॅटिस जनरेटर जेडीबीसी ड्रायव्हरने (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीने) दिलेल्या माहितीवर चालतो. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर ‘टायनीइंट’ एक अंकी रुंदीचा असेल तर त्याला मुळात बूलियन समजतो. तुमच्याकडे खात्याची स्थिती अशाच कॉलममध्ये असेल, 0 म्हणजे बंद, 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे गोठवलेलं, तर जावामध्ये 1 आणि 2 दोन्ही ‘ट्रू’ होतात. गोठवलेलं खातं चालू दिसतं. ड्रायव्हरच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ‘टायनीइंटवनइजबिट’ बंद करता येतं, किंवा जनरेटरला त्या कॉलमसाठी वेगळा प्रकार सांगता येतो. मी दुसरं करतो, कारण मग तो निर्णय कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नावानिशी दिसतो.

रकमांचंही तसंच. ‘डबल’ प्रकारच्या कॉलममध्ये रक्कम ठेवली असेल तर जनरेटर इमानदारीने डबलच देईल आणि व्याजाच्या पैशांत फरक पडत राहील. जावाचा प्रकार बदलून हे सुटत नाही. कॉलमच डेसिमलमध्ये बदलायला हवा. त्यात पुन्हा एक मेख: डेसिमल कॉलमला दशांश शून्य असतील तर मायबॅटिस जनरेटर अंकांच्या संख्येप्रमाणे शॉर्ट, इंटिजर किंवा लाँग देतो. सगळीकडे बिगडेसिमल हवं असेल तर तसं सांगावं लागतं. आणि तारखांमध्ये ‘0000-00-00’ असेल, जी जुन्या मायएसक्यूएलमध्ये सर्रास सापडते, तर ड्रायव्हर ती वाचताना मुळात एक्सेप्शन फेकतो. ती नल म्हणून वाचायची सेटिंग आहे, पण कॉलम ‘नॉट नल’ आहे म्हणून नल येणार नाही असं तुमच्या कोडने धरलेलं असेल. या तिन्ही गोष्टींची यादी स्कीमावरून एका बैठकीत काढता येते. इन्फर्मेशन स्कीमामधलं (मायएसक्यूएल स्वतःच्या टेबलांची माहिती ठेवतो तिथलं) कॉलम्सचं टेबल वाचा. टायनीइंट, डबल, फ्लोट आणि तारखेचे सगळे कॉलम गाळून घ्या आणि जुन्या सॉफ्टवेअरची माहिती असलेल्या माणसाबरोबर बसून एकेक ठरवा. जनरेटर चालवण्याआधीच.

नावांसाठीही हीच बैठक वापरा. ‘खातेदार_एमएसटी’, ‘टीबीएल_ठेव_न्यू’, ‘ठेव_न्यू_2’ अशी रोमन लिपीत लिहिलेली मराठी नावं आणि त्यांची पिल्लं तुमच्याकडेही असतीलच. ती जशीच्या तशी जावामध्ये आली तर पुढची दहा वर्षं तीच बोलावी लागतील. जनरेटरमध्ये नाव बदलायचे नियम असतात, ते वापरा. पण कुठलं टेबल जिवंत आहे आणि कुठलं मेलेलं, हे माणसालाच विचारावं लागेल. मेलेली टेबलं वगळा. दोनशेपैकी बरीच गळतील.

आता जनरेटरला स्कीमा द्यायचा कुठून? ऑफिसमधल्या सामायिक डेव्हलपमेंट डेटाबेसवरून मी कधीच देत नाही. तिथे कुणाचा तरी अर्धवट कॉलम असतो, कुणी तात्पुरतं टेबल टाकलेलं असतं, आणि सकाळी आणि संध्याकाळी जनरेट केलेला कोड वेगळा येतो. तुमच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. असं सॉफ्टवेअर प्रत्येक संस्थेत वेगळं बसवलेलं असतं, आणि एखाद्या संस्थेच्या मागणीवरून तिथल्याच डेटाबेसमध्ये कॉलम वाढवलेला असतो. मग खरा स्कीमा कुठला? आधी सगळ्या ठिकाणांहून डेटा न घेता फक्त स्कीमाचे डंप मागवा, मायएसक्यूएलडंपमध्ये त्याचा पर्याय आहे, आणि ते एकमेकांशी ताडून बघा. जो स्कीमा सगळ्यांना लागू करायचा असं ठरेल तो फ्लायवेचं (स्कीमातले बदल क्रमाने लावणाऱ्या टूलचं) पहिलं मायग्रेशन, म्हणजे बदलाची फाइल, म्हणून गिटमध्ये ठेवा. चालू डेटाबेसवर फ्लायवेची बेसलाइन लावा, म्हणजे ते पहिलं मायग्रेशन तिथे पुन्हा चालणार नाही. त्यानंतर स्कीमातला कुठलाही बदल फक्त नव्या मायग्रेशन फाइलमधून. कुणी थेट डेटाबेसवर ऑल्टर चालवायचा नाही.

मग बिल्ड असा चालतो: टेस्टकंटेनर्सने (डॉकरमध्ये तात्पुरता डेटाबेस उठवणाऱ्या लायब्ररीने) रिकामा मायएसक्यूएल उठतो, फ्लायवे सगळी मायग्रेशन चालवतो, त्यावर जनरेटर चालतो आणि मग कोड कंपाइल होतो. कुणाच्याही मशीनवर, कधीही, तोच कोड. डॉकरमुळे बिल्डला थोडा जास्त वेळ लागतो, ते मला मान्य आहे. म्हणून जनरेट झालेला कोड मी वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवतो आणि मायग्रेशन बदललं तरच तो भाग चालवतो.

हा कोड गिटमध्ये कमिट करावा का, यावर मतं वेगळी आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे. गो भाषेत काम करणारे बहुधा कमिट करतात आणि फाइलच्या वर ‘हा कोड जनरेट केलेला आहे, बदलू नका’ अशी ठरलेली ओळ असते. जावामध्ये बरेच जण तो टार्गेट फोल्डरमध्येच सोडतात. तुमच्या टीमसाठी मी कमिट करायला सांगेन. पुल रिक्वेस्टमध्ये मायग्रेशनची एक ओळ आणि तिच्यामुळे जावामध्ये झालेला बदल शेजारी शेजारी दिसतो, आणि नव्या माणसाला यातूनच गोष्टी लवकर कळतात. फक्त सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) पुन्हा जनरेट करून गिटमध्ये फरक पडतो का ते तपासा, आणि पडला तर बिल्ड फेल करा. कुणी जनरेट झालेल्या फाइलमध्ये हात घातला असेल तर तो तिथेच पकडला जातो.

टूलबद्दल आता. तुमच्या कामाला मी मायबॅटिस जनरेटरपेक्षा जूक घेईन. जूक स्कीमावरून टेबलांचे आणि रेकॉर्डचे क्लास देतो. डीएओ मुळात बंद असतात आणि ते बंदच राहू द्या. क्वेरी तुम्ही जावामध्येच, एसक्यूएलच्या वळणाने लिहिता, त्यामुळे एखाद्या कॉलमचं नाव बदललं की तो वापरणारी प्रत्येक क्वेरी कंपाइलच होत नाही. रोजकीर्द, तेरीज, ताळेबंद अशा रिपोर्टमध्ये सात-आठ टेबलांचे जॉइन येतात, तिथे ही खात्री फार मोलाची आहे. ओपन सोर्स आवृत्ती मायएसक्यूएलवर फुकट चालते, पण तिला नवं जावा आणि नवा मायएसक्यूएल लागतो. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर असता तर परवाना विकत घ्यावा लागला असता. एखाद्या ग्राहकाकडे जुना मायएसक्यूएल असेल तर हे आधी बघून घ्या. टीमला मायबॅटिसची सवय असेल आणि बदलायला वेळ नसेल, तर तेच ठेवा, पण एक्झाम्पलच्या मेथड बंद करून. गोमध्ये असता तर मी एसक्यूएलसी सुचवलं असतं. त्यात उलटा मार्ग आहे: क्वेरी तुम्ही साध्या एसक्यूएल फाइलमध्ये लिहिता, टूल ती स्कीमाशी ताडून बघतं आणि तेवढ्याच क्वेरींचा कोड देतं. दहा-पंधरा टेबलांचाच प्रकल्प असता तर मी जनरेटर घेतलाच नसता, स्प्रिंग 6.1 पासून आलेला जेडीबीसीक्लायंट पुरला असता.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोनशे टेबलांची नक्कल एआयकडून लिहून घेऊ नका. जनरेटर त्याच स्कीमावर तोच कोड देतो, म्हणून त्याच्या फायली कुणी ओळीनओळ तपासत नाही; कॉन्फिगरेशन तपासलं की झालं. एआयने लिहिलेला कोड दर वेळी थोडा वेगळा असतो, आणि एकशे सत्तावन्नाव्या क्लासमध्ये त्याने एखादा कॉलम गाळला का हे माणसालाच बघावं लागतं. उलट, एखाद्या अवघड रिपोर्टच्या क्वेरीचा पहिला खर्डा, जनरेटरच्या प्रकार बदलायच्या नियमांची फाइल, टेस्टसाठी नमुना डेटा, यासाठी तो जरूर वापरा. तिथे तुम्ही तसंही वाचून, चालवून, एक्सप्लेन (क्वेरी डेटाबेस कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून बघणारच असता. फक्त खातेदारांचा खरा डेटा त्याला कधीच देऊ नका.

सुरुवात सगळ्या टेबलांवर एकदम करू नका. पिग्मीचं मॉड्यूल घ्या. टेबलं कमी, पण एजंट, खातं, रोजचा भरणा, कमिशन आणि व्याज असं सगळं त्यात येतं. त्यापुरती मायग्रेशन, जनरेटरचं कॉन्फिगरेशन, हाताने लिहिलेली चार-पाच कामं आणि खऱ्या मायएसक्यूएलवर चालणाऱ्या टेस्ट तयार करा. मग एका मायग्रेशनमध्ये भरण्याच्या टेबलातल्या एखाद्या कॉलमचं नाव मुद्दाम बदला आणि बिल्ड चालवा. तो कॉलम जिथे जिथे वापरला आहे तिथे तिथे कंपायलर अडला पाहिजे. कंपाइल झालं आणि नंतर टेस्टमध्ये फुटलं, तर कुठेतरी एसक्यूएल अजून स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं आहे, ते शोधा. टेस्टमध्येही फुटलं नाही, तर त्या क्वेरीला टेस्टच नाही, ती लिहा. हे होईपर्यंत दुसरं मॉड्यूल उघडू नका.